वाचनाला कोण कोण येणार?

राज्य नाट्य स्पर्धेचं वारं वाहू लागलं की गावोगावच्या हौशी संस्थांमध्ये पहिला प्रश्न असतो, यंदा कुठलं नाटक? संहिता ठरते, परवानगीसाठी लेखकाला फोन जातो, आणि मग दुसरा प्रश्न उभा राहतो : घ्यायचं कुणाला? पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे रात्र-रात्र वाद झडतात. दुसरा मात्र बहुतेक ठिकाणी संस्थेतले तीन-चार जाणते चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या सोडवून टाकतात. "त्याला देऊ, तो करेल." "तिला विचारा, गेल्या वर्षी होती ना." झालं. तालमीचा नारळ फुटतो तेव्हा सगळी पात्रं ठरलेली असतात.

पंचवीस वर्षं हौशी रंगभूमीवर कधी रंगमंचावर, कधी विंगेत आणि अलीकडे दिग्दर्शनाच्या वहीमागे काढल्यावर माझी खात्री झाली आहे, की नाटक कसं उभं राहणार याचा निम्मा निकाल या पात्रनिवडीत लागतो. संस्था दहा वर्षांनी असेल की नसेल, हेही बरंचसं इथेच ठरतं. हल्ली सगळे ऑडिशन म्हणतात. जुनी माणसं अजून 'वाचनाला या' असाच निरोप धाडतात. मला तो शब्द जवळचा वाटतो. वाचनात संहिता मधे असते आणि तिच्याभोवती माणसं कोंडाळं करून बसलेली असतात.

आपल्या संगीत नाटकाच्या कंपन्यांच्या काळात कसोटी सरळ होती : गळा आणि रूप. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि नाटकातल्या नटाला गाता आलंच पाहिजे, हा दंडक पडला. दोनच वर्षांत बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर आपल्या आवाजाच्या बळावर किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला, सुभद्रा करू लागले. 1905 मध्ये नारायण राजहंस आले, ज्यांना महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो. 1913 मध्ये बालगंधर्वांनी वेगळी गंधर्व नाटक मंडळी काढली तेव्हा किर्लोस्कर मंडळीत पोकळी झाली, आणि पुढच्याच वर्षी गोव्यातल्या मंगेशीहून दीनानाथ नावाचा कोवळा मुलगा त्या मंडळीत दाखल झाला. गळा ऐकून माणूस घेण्याची ही परंपरा एवढी थोर आहे की आजही हौशी संगीत नाटकाच्या निवडीला आलेला प्रत्येक जण पेटीजवळ जाऊन उभा राहतो आणि गाऊन दाखवतो.

पण त्या काळची एक गोष्ट आपण विसरतो. कंपनीत आलेला मुलगा कंपनीतच राहायचा, कंपनीतच जेवायचा. सकाळी गाण्याची तालीम, दुपारी नक्कल पाठ, रात्री खेळ. लहानसहान कामं करत तो वर्षानुवर्षं घडत असे. गळा ऐकून घेतलेल्या पोराचा नट करायला कंपनीच्या हाताशी वर्षं होती. हौशी संस्थेच्या हाताशी संध्याकाळचे दोन तास असतात, तेही दीड-दोन महिने, आणि त्यातले चार-पाच दिवस कुणाच्या तरी घरचं लग्न, कुणाची नाइट शिफ्ट, कुणाच्या मुलाची परीक्षा यात जातात. कंपनीची कसोटी आपण उचलली, कंपनीची तालीम उचलता आली नाही. हौशी संगीत नाटकात सुरेल गाणारी आणि गाणं संपताच हात कुठे ठेवायचे हे न कळणारी माणसं दिसतात, ती यामुळे. त्यात त्यांचा दोष नाही.

ही गोष्ट मला एका वर्षी नीट कळली. 'संशयकल्लोळ' बसवत होतो. शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात निवड होती, बाकं भिंतीला लावलेली, एका ट्यूबलाइटची फडफड चाललेली. रेवतीसाठी सहा जणी आल्या होत्या. चौथी बाई विमा कार्यालयातून थेट आली होती, खांद्याला डब्याची पिशवी तशीच. मोबाइलवर तानपुरा लावून तिने काळी पाचमध्ये पद म्हटलं. जागा स्वच्छ, तान मोकळी. आमचे अश्विनशेठ काळी एकला गाणारे. एवढं अंतर असलं की दोघांच्या सलग येणाऱ्या पदांना सारखी पट्टी बदलावी लागते आणि प्रसंगाचा धागा तुटतो. आमच्या ऑर्गनवाल्या काकांनी तिला काळी चारला उतरवून बघितलं. त्या पट्टीतही ती गायली, खालचे स्वर थोडे बसले, पण गायली. मग काका म्हणाले, "ताई, आता पद राहू दे. पदाच्या आधीची चार वाक्यं बोला आणि थांबू नका, तशाच पदात शिरा."

ती वाक्यं बोलली. मग ती थांबली. घसा साफ केला, डोळे मिटले, तानपुऱ्याकडे कान दिला, आणि मग षड्ज लावला. तेवढ्या चार सेकंदांत रेवती निघून गेली होती आणि मैफिलीची गायिका आली होती. तिच्या मागून आलेली मुलगी आवाजाने तिच्याहून कमी होती. पण तिचं बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हे मला सांगता आलं नसतं. शेवटच्या शब्दाचा सूरच तिने पदाचा पहिला सूर केला होता.

त्या दिवसापासून मी संगीत नाटकासाठी कुणालाही नुसतं गाऊन दाखवायला सांगत नाही. बोलण्यातून गाण्यात आणि गाण्यातून पुन्हा बोलण्यात येणं, तो सांधा ऐकते. संगीत नाटकाचा जीव त्या सांध्यात आहे. पद उत्तम झालं आणि टाळ्या वाजल्या, की वन्समोअर घेऊन पुन्हा प्रसंगात परतणं त्याहून अवघड, आणि तेही निवडीच्या वेळीच पाहता येतं : पद संपलं की लगेच समोरच्याने पुढचं वाक्य टाकायचं, आणि गाणारा कसा ऐकतो ते बघायचं. आमची विमा कार्यालयातली ताई त्या वर्षी कृत्तिका झाली, एकही पद नसलेली भूमिका, आणि पुढच्या वर्षी तिला मोठं गाण्याचं काम मिळालं. मधल्या वर्षात ती बोलायला शिकली.

पट्टीचा प्रश्न मात्र खराच आहे, आणि पुष्कळ दिग्दर्शक त्याकडे उशिरा बघतात. पुरुष साधारण पांढरी एक-काळी एकच्या आसपास, बायका काळी चार-पाचच्या आसपास. जुन्या संगीत नाटकांतल्या नायिका पुरुषच करत असल्यामुळे नायक-नायिकेच्या आवाजातलं हे अंतर तेव्हा एवढं जाचत नसे. आज स्त्री भूमिका स्त्रियाच करतात, हे शंभर वेळा चांगलंच झालं, पण मग जोडी निवडावी लागते, एकेकटा माणूस निवडून भागत नाही. अर्जुन आधी ठरवून सुभद्रा नंतर शोधायची, हा क्रम चुकीचा आहे. दोघांना एकदम पेटीपाशी उभं करा.

गद्य नाटकाकडे वळताना घाशीराम आठवल्याशिवाय राहत नाही, जरी तो गद्यही नाही आणि जुन्या अर्थाने संगीतही नाही. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने) 'घाशीराम कोतवाल' केलं तेव्हा ते हौशी संस्थेचं स्पर्धेसाठी बसवलेलं नाटक होतं. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. या संस्थेतूनच पुढे आलेले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. दिवसा दवाखाना, रात्री तालीम. त्या नाटकातली ब्राह्मणांची रांग, जी कधी पडदा होते, कधी भिंत, कधी गर्दी, ती माझ्या दृष्टीने हौशी पात्रनिवडीचा सर्वांत मोठा धडा आहे. तिथे कुणालाही मोठं काम नाही आणि तरीही एक माणूस लयीत चुकला तर अख्खी भिंत कोसळते. अशा रांगेसाठी माणसं निवडताना उत्तम नट शोधून चालत नाही. शेजाऱ्याचा श्वास ऐकू येणारा माणूस लागतो, आणि रोज वेळेवर येणारा. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य अशा माणसांच्या अंगात उतरलं म्हणून ते नाटक जगभर गेलं.

याच थिएटरवाल्यांनी पुढे 1978 मध्ये थिएटर अकॅडमीतर्फे पु. लं.चं 'तीन पैशाचा तमाशा' केलं आणि नायकाच्या कामाला नंदू भेंडेंना घेतलं, जे रॉक संगीत गाणारे. नाट्यसंगीताच्या कानाला तो आवाज परका होता. भूमिकेला नेमका तोच हवा होता. निवडीच्या दिवशी आपल्या डोक्यात आधीपासून एक आवाज ऐकू येत असतो, आणि समोरचा तसा नसला की आपण त्याचं नाव खोडतो. तसं खोडण्याआधी एकदा थांबायला हवं.

बोलीचं तर विचारूच नका. 'उच्चार शुद्ध नाहीत' या तीन शब्दांनी हौशी रंगभूमीने किती चांगले नट गमावले असतील! मी स्वतः हे पाप केलं आहे, म्हणून सांगते. एक मुलगा वाचताना 'ण' आणि 'न'मध्ये घोळ करायचा, त्याला दोन वर्षं मी रखवालदाराची कामं दिली. नंतर एका ग्रामीण एकांकिकेत त्याला त्याच्या घरच्या बोलीत बोलायला मिळालं आणि सभागृह गप्प झालं. 1980 मध्ये 'वस्त्रहरण' आलं. कोकणातल्या एका गावात गावकरी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात, त्याची गोष्ट गंगाराम गवाणकरांनी मालवणीत लिहिली आणि मच्छिंद्र कांबळींनी ती घरोघर पोचवली. गेल्या दशकात 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' आलं, गाण्याबजावण्याने भरलेलं, आणि त्यातले कलावंत जालना जिल्ह्यातून शेतीमातीतून आलेले होते. प्रमाण उच्चारांची चाळणी लावली असती तर त्यातले कितीजण टिकले असते? संहिता प्रमाण मराठीत असेल तर उच्चार शिकवता येतात, महिन्याभरात येतात. बोलण्यामागचा अनुभव शिकवता येत नाही.

स्त्री भूमिकांचा इतिहास हा या प्रश्नाचा वेगळाच कप्पा आहे. 1933 साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांना रंगमंचावर आणलं तेव्हा शहरातल्या सुशिक्षित घरांची दारं थोडी किलकिली झाली. गावात ती उघडायला पुढची कित्येक दशकं गेली. म्हणून तर 'स्त्रीपात्रविरहित' असं मुखपृष्ठावर छापलेली नाटकं स्नेहसंमेलनांसाठी खपत राहिली. जत्रेच्या नाटकाला नायिकेचं काम करायला बाहेरून बाई बोलवायची, तिने प्रयोगाच्या आदल्या दिवशी यायचं आणि पाठ असलेली भूमिका उभी करून पहाटेच्या गाडीने परत जायचं, ही पद्धत कोकणात आणि गोव्यात अनेकांनी पाहिली आहे. त्या बायकांनी हौशी रंगभूमीला किती आधार दिला याची नोंद कुठेच नीट झालेली नाही. आज गावातल्याच मुली वाचनाला येतात. पण त्यांच्या वाचनात अजून एक अदृश्य प्रश्न असतो : तालीम किती वाजता संपणार, आणि घरी सोडायला कोण येणार? ज्या संस्था या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच दिवशी देतात त्यांच्याकडे मुली टिकतात. आमच्याकडे रिक्षाचे पैसे संस्थेच्या खर्चात धरलेले असतात. नेपथ्याची एक फ्रेम कमी झाली तरी चालेल, हा खर्च कापायचा नाही.

महाविद्यालयांतलं चित्र वेगळं. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून चालू आहे, प्राथमिक फेरी ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे कॉलेज उघडताच 'सिलेक्शन'. आठ-दहा कामांसाठी पन्नास-साठ मुलं. उत्स्फूर्त प्रसंग करायला सांगतात, दोघांना एकाच बाकावर बसवून 'काहीतरी करा' म्हणतात. ज्यांना काम मिळत नाही ती बॅकस्टेजला जातात. ही बॅकस्टेजची वाट फार मोलाची आहे. प्रॉपर्टी सांभाळणारा, लाइटच्या डिमरवर बसणारा मुलगा दोन महिने रोज तालीम बघतो आणि पुढच्या वर्षी नट म्हणून तयार होऊन येतो. पण ही वाट उघडी असली पाहिजे. काही कॉलेजांत सीनियर मंडळी बॅकस्टेजला शिक्षेसारखं वापरतात, आणि मग तिथे गेलेली मुलं परत येत नाहीत.

बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'जाणता राजा'ने तर निवडीचा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. संवाद आणि गाणी ध्वनिमुद्रित, आणि ज्या शहरात प्रयोग तिथलीच माणसं मोठ्या संख्येने रंगमंचावर. म्हणजे कसोटी आवाजाची उरलीच नाही. देहबोली, शिस्त आणि उत्साह एवढं पुरलं. ज्यांना एरवी कुणी वाचनाला बोलावलं नसतं अशी माणसं त्यात मावळे झाली, आणि त्यांच्या घरात अजून तो फोटो लावलेला असतो. नाट्यकला म्हणून त्याबद्दल माझे आक्षेप आहेत, पण जास्तीत जास्त लोकांना रंगमंचावर जागा देणं हेही हौशी नाटकाचं एक काम आहे, हे तिथे दिसलं. सोसायटीच्या गणेशोत्सवातली बालनाट्यं तर यावरच चालतात. तिथे प्रत्येक मुलाला घ्यायचं असतं, झाड म्हणून का होईना.

अमेरिकेतल्या हौशी संस्थांची एक सवय मात्र जशीच्या तशी घ्यावी. संगीतिकेच्या निवडीला येणाऱ्याने गाण्याचे सोळा किंवा बत्तीस बार तेवढेच गायचे, ही तिथली रीत ठाऊक असेल. मला ती फार आवडत नाही, आपलं पद मुखडा आणि एक अंतरा ऐकल्याशिवाय उमगत नाही. घ्यावी ती दुसरी. प्रत्येक जण आधी एक कागद भरतो, त्यात तालमीच्या कुठल्या तारखांना येता येणार नाही ते लिहायचं असतं. तिथल्या मराठी मंडळांत नाटकं बसवणारे मित्र सांगतात की बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासाठी तालमी करताना या कागदानेच त्यांना तारलं. आठवड्याच्या शेवटी दोनच दिवस मिळतात, त्यात तासाभराचं अंतर कापून माणसं येतात. आपल्याकडे तारखा विचारणं अपमानाचं वाटतं. "येईन हो, बघू." आणि रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी कळतं की चुलत बहिणीचा साखरपुडा आहे. हौशी नटाला मानधन नाही, तो आपली संध्याकाळ देतो. त्याने ती मोकळेपणाने मोजून द्यावी आणि संस्थेने तितक्याच मानाने घ्यावी.

आता सर्वांत बोचणारी गोष्ट. मी बावीस वर्षांची असताना आमच्या शहरातल्या एका नावाजलेल्या संस्थेने वाचनाला बोलावलं. तीन संध्याकाळी गेले. दोन वेगवेगळ्या भूमिका वाचून घेतल्या, तिसऱ्या दिवशी "छान, कळवतो" म्हणाले. मी पाठांतराला लागले सुद्धा. महिन्याभराने वर्तमानपत्रात प्रयोगाची जाहिरात पाहिली, तेव्हा समजलं की काम कुणाला द्यायचं हे वाचनाच्या आधीच ठरलेलं होतं. नाकारलं गेल्याचं दुःख मी विसरले. कुणी फोन केला नाही, हे विसरता आलं नाही. त्यानंतर तीन वर्षं मी कुठल्याच वाचनाला गेले नाही. अशी तीन वर्षं गमावलेले लोक प्रत्येक गावात आहेत, आणि मग आपण म्हणतो की नवीन मुलं येत नाहीत.

भूमिका आधी ठरलेली असण्यात गैर काही नाही. कधी लेखकाने एखाद्या नटासाठीच लिहिलेलं असतं, कधी गेल्या वर्षीचा प्रयोग पुढे न्यायचा असतो. मग तसं सांगा : अमुक दोन कामं ठरली आहेत, उरलेल्या सहांसाठी वाचन आहे. आलेल्याला खोट्या आशेवर ठेवून त्याच्या संध्याकाळी खर्च करणं हा मात्र अन्याय आहे, मग त्यामागे कितीही चांगला हेतू असो.

माझी पद्धत काही वर्षांत अशी झाली आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून अख्खी संहिता वाचायची, भूमिका फिरत्या, बाईचं वाक्य पुरुषाने वाचलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी जोड्यांनी प्रसंग, आणि एकदा वाचल्यावर मी एखादी सूचना देते, 'हेच वाक्य हसू दाबून बोल', आणि बघते की माणूस ती सूचना घेतो का. पहिलं वाचन चांगलं करणाऱ्यापेक्षा दुसरं वाचन वेगळं करणारा मला जास्त हवा असतो. तालीम म्हणजे दोन महिने तेच असतं. गाणं असेल तर तिसऱ्या दिवशी पेटी. निवडीला माझ्याबरोबर एक जण संस्थेबाहेरचा असतो, ज्याला कुणाचे रुसवेफुगवे माहीत नाहीत. आणि चौथ्या दिवशी फोन. घेतलेल्यांना नंतर, न घेतलेल्यांना आधी. "या वेळी नाही जमलं, पण प्रॉम्प्टिंगला याल का? पुढच्या वाचनाला नक्की या." एवढंच. दहातले तीन-चार जण खरोखरच येतात. आज आमच्या संस्थेचा प्रकाशयोजनाकार, नेपथ्य बघणारी आणि सध्याची खजिनदार, तिघंही अशा फोनमधून आलेले आहेत.

यंदाच्या स्पर्धेसाठी तुमची संस्था नाटक बसवत असेल तर वाचनाची तारीख फक्त व्हॉट्सअ‍ॅप गटावर न टाकता गावातल्या वाचनालयाच्या, कॉलेजच्या आणि एसटी स्टँडच्या फलकावर लावा. किती भूमिका मोकळ्या आहेत, गाणं यायला हवं का, तालीम किती वाजता सुटेल, हे त्यावर लिहा. आणि तुम्ही कधी रंगमंचावर गेला नसाल, पण जावंसं वाटत असेल, तर त्या दिवशी जा. तयारी म्हणून नाटक एकदा वाचून जा, आपली पट्टी माहीत असू द्या, आणि न जमणाऱ्या तारखा कागदावर लिहून न्या.